सोबतीची सुरी

एखाद्या माणसाने स्वतःसाठी एक छोटी सुरी घ्यायची ठरवली, तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. धरणगावचे लोक मात्र अजून हसतात. मी स्टँडवर उतरलो की रसवंतीवाला विचारतो, "लिंबू टाकू का?" आणि त्याच्या बाकड्यावरची माणसं तोंड फिरवून घेतात. म्हणून म्हटलं, झालं काय ते एकदा माझ्याच तोंडून ऐका. (ज्योत्स्नाच्या तोंडून ऐकाल तर त्यात मी आणखी दोनदा पडतो.)

मी जळगावात एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आडनाव महाजन. ऑफिसात भाऊसाहेब म्हणतात. वय शेहेचाळीस. एकवीस वर्षांच्या नोकरीत खुर्चीवरून उठून मी केलेलं सगळ्यात धाडसाचं काम म्हणजे साहेब केबिनमध्ये असताना चहाला जाणं. अशा माणसाला एकाएकी रानात राहायची हौस आली, यात दोष माझा नाही. दोष योगराजचा आहे.

योगराज आमच्याकडचा नवा इंजिनीअर. वय अठ्ठावीस, दाढी राखलेली, पँटला अकरा खिसे. त्याने ऑफिसात एक ग्रुप काढला, 'सातपुडा बुशक्राफ्ट'. बुशक्राफ्ट म्हणजे घरी गॅस असताना रानात जायचं आणि काड्या गोळा करून त्यावर चहा करायचा. (माझ्या सासऱ्यांनी जन्मभर हेच केलं, पण ते त्याला शेती म्हणायचे.) ग्रुपमध्ये आम्ही नऊ जण. रानात अजून कोणीच गेलं नव्हतं, पण तिघांच्या सुऱ्या घेऊन झाल्या होत्या.

"भाऊसाहेब," योगराज मला म्हणाला, "मोठी सुरी फोटोपुरती. रानात खरं काम करते ती छोटी. तिला कंपॅनियन नाईफ म्हणतात. सोबतीची सुरी! ती कायम जवळ पाहिजे. ती नसेल तर माणूस रानात उघडा पडतो."

मला त्या क्षणी खुर्चीत बसल्याबसल्या उघडं पडल्यासारखं वाटलं.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. पातं साडेतीन इंच की चार? स्टेनलेस की कार्बन स्टील? मूठ लाकडाची की रबराची? बर्फात उभा राहून एक गोरा माणूस छोट्या सुरीने लाकडाचा चमचा कोरायचा, आणि मी जळगावच्या चव्वेचाळीस डिग्रीत कूलरपुढे बनियनवर बसून, बर्फात हात गारठले असताना सुरी कशी धरावी ते वहीत लिहून घ्यायचो.

ज्योत्स्नाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "कापायचं काय आहे?"

"म्हणजे?"

"सुरी घेताय ना? मग कापायचं काय आहे?"

"तसं एक असं नाही सांगता येत. रानात काहीही वेळ येऊ शकते."

"घरात विळी आहे, दोन सुऱ्या आहेत, अडकित्ता आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, तुम्ही एक कांदा चिरलेला मला दाखवा. अहो, केळं सोलताना देठ तुटलं तर मला हाक मारता!"

बायकोला बुशक्राफ्ट समजावण्यात अर्थ नसतो. मी ऑफिस सुटल्यावर चांदभाईंकडे गेलो. चांदभाई म्हणजे बाजारातले जुने कारागीर. सुऱ्या, विळे, कात्र्या करायच्या आणि धार लावून द्यायची, हा त्यांच्या तीन पिढ्यांचा धंदा. मी त्यांना मोबाईलवर चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बन जाएगा. ट्रकच्या पाट्याचं पोलाद लावतो, बाभळीची मूठ देतो. तुमचा नातू वापरेल. बोला, कापायचं काय?"

पुन्हा तेच! या गावात लोकांना दुसरा प्रश्नच येत नाही का? मी म्हटलं, "चांदभाई, तसं ठरलेलं काही नाही. ही सोबतीला ठेवायची सुरी आहे."

चांदभाईंनी चष्मा खाली केला. "भाऊसाहेब, सोबतीला माणूस ठेवतात," ते म्हणाले, आणि हातातल्या विळ्याला धार लावू लागले.

मला राग आला. मी घरी येऊन परदेशी बनावटीची कार्बन स्टीलची सुरी ऑनलाइन मागवून टाकली. (किंमत सांगत नाही. ज्योत्स्ना हे वाचणार आहे.)

आता मधे एक महत्त्वाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्योत्स्नाचं माहेर धरणगावचं. तिचे मोठे भाऊ वनाभाऊ, त्यांची मुलगी डिंपल. ही पोरगी माझी फार लाडकी. मी तिचा फुवा. (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात.) त्या रविवारी डिंपलला बघायला पाहुणे येणार होते. बघायला म्हणजे नावाला. मुलगा ललित जळगावात बँकेत, डिंपलही जळगावात शिकायला होती, तेव्हा दोघांनी एकमेकांना चांगलं दोन वर्षं बघून घेतलेलं होतं. सगळं जुळलेलं, फक्त ललितच्या आजीने हो म्हणायचं बाकी होतं.

शनिवारी डिंपलचा मला फोन आला. ज्योत्स्ना शुक्रवारीच मदतीला पुढे गेली होती.

"फुवा, तुम्ही उद्या वेळेवर या. मोठे जावई म्हणून पप्पांना तुम्ही पाहिजेत. पण एक सांगू? रागवू नका."

"बोल ना बेटा."

"तुम्ही काही करू नका. म्हणजे काहीच करू नका. नुसते बसा. ललितची आजी फार कडक आहे. मागच्या वर्षी त्याच्या चुलतभावाचं ठरलेलं लग्न तिने मोडलं. का, तर मुलीच्या मावशीच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं होतं. असल्या घरात सोयरीक नाही म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठली. फुवा, हे मोडलं तर..."

मी म्हटलं, "बेटा, तू अगदी निश्चिंत राहा. तुझा फुवा नुसता बसेल. बसण्याची मला एकवीस वर्षांची सवय आहे." आणि देवाशपथ सांगतो, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

फोन ठेवतोय तोच पार्सल आलं.

खोका उघडायला कात्री सापडेना. मी त्याच्या एका कडेतून बोट घालून ओढलं, सुरी म्यानातून निसटली आणि तिने पहिलं काम केलं. माझा डावा अंगठा. रक्त बघून मला जरा घेरी आली, पण रानात डॉक्टर नसतो हे लक्षात ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो आणि हळदीचा डबा अंगठ्यावर उपडा केला. हळद अंगठ्यावर थोडी आणि बाकी ठिकाणी बरीच लागली. उन्हाळ्याचे दिवस, घाम येत होता, तो मी त्याच हातांनी पुसत होतो. घरात आरशात बघायला सांगणारं कोणी नव्हतं.

मग योगराजला फोन केला.

"भाऊसाहेब, कार्बन स्टील घेतलंत? वा! पण त्याला गंज चढतो हां. त्यावर आधी पॅटिना चढवावा लागतो."

"तो काय असतो?"

"पात्यावर काळपट-निळसर रंग धरतो. मग गंज धरत नाही. सोपं आहे. एक लिंबू घ्या, पातं त्यात आरपार खुपसा आणि पाच-सहा तास तसंच ठेवा. फक्त दर अर्ध्या तासाने लिंबू थोडं थोडं फिरवत राहा. फिरवलं नाही तर डाग पडतात आणि सुरी कायमची खराब दिसते."

आता सांगा, यात माझं काय चुकलं? रविवारी सकाळी मी सुरीला लिंबू खुपसलं. दहाची धरणगावची बस. लिंबू दर अर्ध्या तासाने फिरवायचं, म्हणजे सुरी घरी ठेवता येईना. लिंबासकट ती म्यानात जाईना. पिशवीत ठेवली तर लिंबू निघेल. म्हणून मी ती सरळ हातात धरली, टोक वर, टोकाला लिंबू, आणि कपडे नवे घालून स्टँडवर गेलो.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तू खानदेशातला ना? हळद लागल्यावर नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार देतात, ती लग्न लागेपर्यंत त्याने खाली ठेवायची नसते आणि त्याला एकटं सोडायचं नसतं, हे तुला माहीत नाही? माहीत आहे हो! पण माझ्या लग्नात ती कट्यार माझ्या हातून दोनदा पडली, दुसऱ्यांदा भटजींच्या पायाजवळ, तेव्हा ती काढून माझ्या मेव्हण्याकडे देण्यात आली आणि मी मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढलो. त्यामुळे तो विषय माझ्या डोक्यात पक्का बसलेलाच नव्हता. माझ्या डोक्यात फक्त पॅटिना होता.

आणि खरं सांगू? स्टँडवर मला जो मान मिळाला, तो आयुष्यात मिळाला नव्हता. गर्दी बाजूला झाली. एका हवालदाराने आधी सुरीकडे पाहिलं, मग लिंबाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "चला, उशिरा का होईना." मी म्हटलं, "हो ना, आता शेहेचाळिसाव्या वर्षी म्हटलं करून टाकू." त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, हासुद्धा बुशक्राफ्टवालाच दिसतो. बसमध्ये चढलो तर कंडक्टरने हात धरून वर घेतलं. रानात राहणाऱ्या माणसाचं तेज लोकांना दुरून कळतं, असं योगराज म्हणाला होताच.

एक म्हातारी खिडकीशी बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक आबा. माझ्याकडे बघताच तिने आबांना सरकवलं. "आठे बठ भाऊ, खिडकीजोडे बठ," ती अहिराणीत म्हणाली आणि मला तिने आपली जागा दिली. "हळद लागनी वाटतं?"

"लागली ना, काल संध्याकाळी," मी अंगठा दाखवत म्हटलं. "जरा जास्तच लागली."

"अन् एकलाच निंघना? संगे कोनी नही?"

"मी एकटाच असतो. कशाला कोण पाहिजे?"

"एकलं फिरू नये, भाऊ!" ती आबांकडे वळली. "उखर्डू आबा, याले सोडू नका."

माझ्या जखमी अंगठ्याची परक्या बाईला केवढी काळजी, म्हणून मला भरून आलं. पाळधीला बस थांबली आणि मी लघवीला उतरू लागलो, तर उखर्डू आबा लगेच उठले. "मी संगे येस," म्हणाले. मी नको नको म्हणत असताना ते आले, आत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मला परत जागेवर आणून बसवलं. मी लिंबू थोडं फिरवलं.

बस निघाली. म्हातारीने पुढची चौकशी सुरू केली. "घरना लोके कोठे शेत?"

"बायको शुक्रवारीच पुढे गेली धरणगावला."

म्हातारीने माझ्याकडे वळून पाहिलं. "बायको? तुले बायको शे?"

"म्हणजे काय! सोळा वर्षं झाली."

"अन् तिले हाई माहीत शे?" तिने सुरीकडे बोट केलं.

"छे हो! तीच तर गंमत आहे," मी म्हटलं. "आज तिथे गेल्यावर एकदम दाखवणार."

"घरमा एक शे ना रे? मंग दुसरी कसाले?"

मला वाटलं, ही घरातल्या सुरीचं विचारतेय. शेवटी बाईच ती, स्वयंपाकघरातलंच विचारणार. मी समजावून सांगितलं, "आजी, घरातली घरकामाला ठीक आहे. पण रानात, बाहेरगावी, सोबतीला एक वेगळी पाहिजे. छोटी, हलकी, कायम जवळ राहणारी."

"अन् बायको काय करी मंग?"

"दोन दिवस अबोला धरेल. मग सवय होते. आमच्या ऑफिसात तिघांनी आणल्या, तिघांच्याही बायका आता काही बोलत नाहीत."

"व माय व!" म्हातारी एवढंच म्हणाली. तिने पदर ओढून घेतला आणि आबांना उठवून ती मागच्या सीटवर जाऊन बसली. मी बाहेरची रिकामी शेतं बघत, मधून मधून लिंबू फिरवत होतो. आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

स्टँडवर उतरल्यावर म्हातारी आणि आबा रिक्षात बसून गेले. मी चालत निघालो. वाटेत एका बँडवाल्याने माझ्या खिशात त्याचं कार्ड घातलं, तेही मी ठेवून घेतलं.

वनाभाऊंच्या घरी मागच्या दाराने शिरलो. डिंपल साडी नेसून चुलीच्या खोलीत उभी होती. मला पाहून तिचा चेहराच पडला.

"फुवा, हे तोंड पिवळं का? आणि हातात काय?"

"नंतर सांगतो. पाहुणे आले?"

"आले. सगळे गाडीने आलेत, आजीला गाडीत मळमळतं म्हणून ती बसने आली. आत्ताच पोचली. कशाने तरी फार चिडलीय. फुवा, तोंड धुवा आधी आणि नुसते बसा. प्लीज."

मी तोंड धुतलं. (हळद पाण्याने जात नाही. पसरते.) आणि सुरी पाठीमागे धरून पुढच्या अंगणात, मांडवात गेलो. वनाभाऊ आनंदाने उठले. "आणि हे आमचे मोठे जावई!"

बाजेवर ती बसमधली म्हातारी बसली होती आणि शेजारी तिच्या सोबतीला आलेले उखर्डू आबा.

माझ्या लक्षात काही आलं असेल असं तुम्हाला वाटतं का? मला उलट आनंद झाला. ओळखीचं माणूस भेटलं! मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि नमस्कारात अर्थातच सुरी वर आली, लिंबासकट.

"हाऊच तो!" म्हातारी ओरडली. "बसमाना नवरदेव हाऊच! आज याना दुसरा लगीन शे! माले बठ्ठा सांगं यानी. पहिली घरकामले, दुसरी सोबतले! अन् याना ऑफिसमा आखो तीन जन शेत!"

ज्योत्स्ना पोह्यांच्या बशांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्या पिवळ्या तोंडाकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं आणि ट्रे हळूच खाली ठेवला. तिच्यामागे डिंपल होती. ती रडत नव्हती, पण तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हळद, लिंबू, हातातलं पातं, एकटा माणूस! आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला आहे, पण त्याची किंमत त्या पोरीने द्यावी, हे मला सहन होईना.

"आजी, तसं नाही!" मी म्हटलं. "ही जंगलात न्यायची सुरी आहे. कार्बन स्टीलची. तिला गंज चढू नये म्हणून लिंबात ठेवलीय. हा पॅटिना आहे!"

"नाव भी सांगी दिधं!" म्हातारीने कपाळाला हात लावला. "वना, तुना घरना जावई असा, तर आपलं नही जमनार. चाल रे ललित, गाडी काढ."

ललित उठला नाही. तो डिंपलकडे बघत होता. त्याचे वडील उठले. वनाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. मी जिवाच्या आकांताने खरं ते सगळं सांगू लागलो. गोरा माणूस, बर्फ, चमचा, ग्रुप, अकरा खिसे. जसजसं खरं सांगत गेलो तसतसा लोकांचा दुसऱ्या लग्नावरचा विश्वास वाढत गेला. ते निदान समजण्यासारखं तरी होतं.

"कोन्त्या जंगलमा ऱ्हास तू?" उखर्डू आबांनी शांतपणे विचारलं.

"अजून गेलो नाही कुठे."

"मंग सुरीवरी कापस काय?"

पुन्हा तोच प्रश्न!

आबांनी अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट केलं. "जंगलनी सुरी शे ना? त्या झाडनी एक काडी काढ. दातन करी दाखाड. मंग आम्ही मानसूत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डिंपल बघत होती. मी मनातल्या मनात त्या गोऱ्या माणसाला नमस्कार केला, झाडाखाली गेलो, करंगळीएवढी एक फांदी डाव्या हाताने धरली आणि उजव्या हातातल्या सुरीवरून लिंबू काढायला गेलो. हात दोनच, कामं तीन, म्हणून लिंबू दातांत धरून ओढलं. ते चार तास पात्यावर बसलेलं लिंबू सुटेना. मग एकदम सुटलं. त्याचा रस निम्मा माझ्या डोळ्यात गेला आणि निम्मा अंगठ्याच्या जखमेत.

मी जी बोंब मारली ती म्हणे मारुतीच्या देवळापर्यंत गेली. सुरी हातातून उडाली, वर गेली आणि माझ्या चपलेपासून चार बोटांवर मातीत उभी रुतली. ती पाहून मी मागच्या मागे उडी मारली ती बाजेवर. म्हातारी चपळाईने बाजूला झाली. बाजेच्या सुंभाने माझं वजन क्षणभर सहन केलं, मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आरपार खाली गेले आणि मी बाजेत उभाच्या उभा अडकलो. डोळे मिटलेले, तोंड पिवळं आणि लिंबू अजून दातांत.

उखर्डू आबा उठले. त्यांनी नुसत्या दोन बोटांनी एक काडी मोडली, टोक चावलं आणि दात घासत परत जागेवर जाऊन बसले.

आधी कोण हसलं ते मला दिसलं नाही, पण आवाज म्हातारीचा होता. ती हसता हसता खोकू लागली, खोकता खोकता परत हसू लागली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "व माय! याले दुसरी कोन देई? माले तर समजत नही, याले पहिली कसी दिधी!"

आणि हे ऐकून सगळ्यांना पटलं. अगदी एका क्षणात पटलं! इतका वेळ मी गळा फोडून सांगत होतो त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, आणि या एका वाक्यावर पाहुण्यांपासून वाढप्यांपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्योत्स्ना तर चौकटीला टेकून हसत होती. "आजी, अगदी बरोबर," ती म्हणाली. "आमच्या लग्नात यांच्या हातून कट्यार दोनदा पडली. शेवटी काढून घेतली. दुसरं लग्न करायचं म्हटलं तर आधी कट्यार कोण धरणार?"

सोळा वर्षांच्या संसारात माझ्या बाजूने साक्ष द्यायची तिची ही पहिलीच वेळ.

म्हातारीने डिंपलला बोलावून जवळ बसवलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "आंडेर सोनानी शे," ती म्हणाली. (आंडेर म्हणजे मुलगी.) "फुवा असा शे, त्यामा तिना काय दोष?" साखर वाटली गेली. डिंपल रडली, ललित हसला, वनाभाऊंनी टोपी डोक्यावर ठेवली. मला बाजेतून सोडवायचं सगळ्यात शेवटी लोकांच्या लक्षात आलं.

आमचा सातपुड्याचा मुक्काम पुढे झालाच नाही. ऊन फार आहे म्हणून योगराजला त्याच्या आईने सोडलं नाही.

सुरी मात्र कामाला आली. ललितच्या घरची कट्यार कुठे मिळेना, तेव्हा म्हातारीनेच निरोप पाठवला की ती जंगलाची सुरी घेऊन या. मी ती चांदभाईंकडे नेली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "अब बोलो. कापायचं काय?"

"काही नाही, चांदभाई. लिंबू टोचायचं."

"फिर धार कशाला?" चांदभाई म्हणाले आणि पाच मिनिटांत त्यांनी माझ्या परदेशी सुरीची धार पार घालवून दिली. वर म्हणाले, "टोक ठेवलंय. तुम्ही जवळ जाऊ नका."

मे महिन्यात लग्न झालं. हळदीपासून अक्षता पडेपर्यंत सुरी ललितच्या हातात होती. एकदाही खाली पडली नाही. लिंबू दिवसातून चारदा बदलायचं, त्यामुळे पात्याला असा सुरेख निळा रंग धरला की योगराजने तिचे वीस फोटो काढले. मोठा जावई म्हणून मलाही एक जबाबदारीचं काम मिळालं. माझ्याकडे लिंबांची पिशवी दिली होती.

आणि उखर्डू आबांना सोबतीला ठेवलं होतं. लग्नघरातल्या एका माणसाला क्षणभरही एकटं सोडू नका, असं म्हातारीने त्यांना बजावलं होतं. ते दोन दिवस माझ्या मागे होते.